पहिल्या मात्रेचे वजन

'फंकाडेलिक' या अमेरिकन कृष्णवर्णीय वाद्यवृंदाचा 'अमेरिका ईट्स इट्स यंग' हा दोन तबकड्यांचा अल्बम १९७२ साली डेट्रॉईटच्या वेस्टबाउंड कंपनीने काढला. त्याच्या वेष्टनावर डॉलरच्या नोटेचे विडंबन आहे आणि त्या नोटेवरची स्वातंत्र्यदेवता लहान मुले खाते आहे. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. सक्तीच्या भरतीने कोवळी मुले तिकडे जात होती आणि गावी उरलेल्यांना हेरॉइन गिळत होते. आपलीच लेकरे खाणारा देश ही प्रतिमा तेव्हाच्या अमेरिकेत कुणाला समजावून सांगावी लागली नसेल. यवतमाळात राहणाऱ्या मराठीच्या अध्यापकालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

तरीही मला या अल्बमविषयी लिहावेसे वाटते ते त्यातील दुःखामुळे नव्हे. इतक्या भीषण चित्राच्या आत जे संगीत आहे ते नाचायला लावणारे आहे, यामुळे.

या वाद्यवृंदाचा सूत्रधार जॉर्ज क्लिंटन. न्यू जर्सीतील प्लेनफील्ड या गावी तो केशकर्तनालयात काम करी आणि तिथेच 'द पार्लमेंट्स' नावाच्या त्याच्या गायकमंडळाच्या तालमी होत. १९६७ साली त्यांचे एक गाणे गाजले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्लेनफील्ड आणि डेट्रॉईट या दोन्ही शहरांत वांशिक असंतोषाचा भडका उडाला. पुढे मंडळाच्या नावावरूनच कज्जा सुरू झाला, तेव्हा क्लिंटनने मागे साथ करणाऱ्या तरुण वादकांना पुढे आणले आणि नव्या नावाने संसार मांडला. फंक आणि सायकेडेलिक या दोन शब्दांची ती सांधणी होती. गिटारचा विजेरी कल्लोळ गोऱ्या रॉककडून घेतलेला, पण तो रॉक मुळात काळ्या ब्लूजवर पोसलेला. म्हणजे उसने दिलेले व्याजासकट परत घेतले, इतकेच.

१९७२ च्या अल्बमपर्यंत घरात बरीच उलथापालथ झाली होती. 'मॅगॉट ब्रेन'मध्ये (१९७१) दहा मिनिटे गिटार रडवणारा एडी हेझल येथे फारसा दिसत नाही. त्याच्या जागी न्यू इंग्लंड काँझर्व्हेटरीत शिकलेला बर्नी वॉरेल वाद्यमेळाची सूत्रे घेतो आणि तंतुवाद्यांचे, पितळी वाद्यांचे थर रचतो. जेम्स ब्राउनच्या तालमीतून आलेला बूट्सी कॉलिन्स याच अल्बमपासून मंडळात दिसू लागतो. आणि बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाचून मराठी वाचक थबकतो: प्रकाश जॉन. मुंबईत १९४७ साली जन्मलेला आणि लहानपणीच कॅनडात गेलेला हा वादक पुढे लू रीड आणि ॲलिस कूपर यांच्यासोबतही वाजला. मुंबईचे असे नाव या संगीताच्या अगदी पायथ्याशी, बेसच्या जागी, असावे याची मला गंमत वाटते.

जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना शिकवलेली गोष्ट म्हणजे 'द वन': चार मात्रांतील पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून वजन टाकायचे. त्याआधीच्या जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये जोर प्रायः दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर असे. पहिली मात्रा सांभाळली की मधल्या जागेत ज्याने त्याने हवे ते करावे. आपल्या कानाला येथे सम आठवणे अपरिहार्य आहे. मात्र साम्य फार ताणू नये. ख्यालात सम हे गाठायचे ठिकाण असते; गायक दूर जातो आणि त्याच्या परतण्याची आपण वाट पाहतो. फंकमध्ये पहिली मात्रा ही पायाखालची जमीन असते. ती दर दोन-अडीच सेकंदांनी पुन्हा पायाला लागते आणि सर्वांना एकदमच लागते.

ही जमीन कोणती, हा प्रश्न विदर्भातल्या माणसाने विचारलाच पाहिजे. क्लिंटनचा जन्म उत्तर कॅरोलिनातील कनापोलिसचा, म्हणजे टॉवेल-चादरींच्या गिरण्यांच्या गावचा. फंकमागे ब्लूज आहे आणि ब्लूजमागे मिसिसिपीचे कापसाचे मळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर १८५३ पासून हाती असलेल्या वऱ्हाडावर पडली. भाव चढले, ज्वारीच्या वावरात कापूस आला; १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. आमच्या जिल्ह्याचे पीक आणि त्यांचे गाणे यांच्या मुळाशी एकच बाजार आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्यानंतर या जिल्ह्याचे नाव कशासाठी घेतले जाते ते सांगायला नको.

१९७२ सालीच मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. 'गोलपिठा'ही त्याच वर्षीचा. पुढे मराठी समीक्षेत दलित आणि काळ्या साहित्याची तुलना रूढ झाली. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती कष्टाने उभी केली. पण विद्यापीठीय मराठीने त्या जगातून उचलला तो मुख्यतः शब्द, आणि शब्दांतही वेदना व विद्रोह. ढोल तिकडेच राहिला. हीच कात्री आपण घरच्या परंपरेलाही लावली. आंबेडकरी जलसा आणि वामनदादा कर्डकांचे गाणे अभ्यासक्रमात येते तेव्हा ते छापील ओळी होऊन येते. एकदा वर्गात असे गीत वाचत असताना मागच्या बाकावरच्या मुलाने नकळत बाकावर ठेका धरला आणि सारा वर्ग त्याच्याबरोबर हलला. आशय कुणी विसरले नव्हते. तो बाकातून पायांपर्यंत पोचला होता, एवढेच. परीक्षेत मात्र त्या ठेक्यावर प्रश्न येत नाही.

हा अल्बम निर्दोष नाही. चौदा गाण्यांत काही भरताड आहे, आणि वेष्टनावर 'प्रोसेस चर्च' नावाच्या पंथाचे जे गूढ निरूपण छापले आहे त्याने अर्थ गढूळच होतो. पण त्यातले एक गाणे शीर्षकातच बजावते की परिणाम नको असेल तर कारण निर्माण करू नका. आणि ते सत्ताधाऱ्यांना नव्हे, व्यवस्थेला शिव्या देत तिचीच फळे चाखणाऱ्या आपल्याच लोकांना सुनावते. दुसरे एक गाणे पुरुषालाही दुखते, हे साधेपणाने सांगते. कर्जाच्या ओझ्याखाली अबोल झालेले बाप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते परके वाटणार नाही.

दुःखाचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आपल्याकडे कापूस पिकवणाऱ्याला साहित्यात प्रवेश मिळत नाही. तो नाचतो, थट्टा करतो, चौदा एप्रिलच्या रात्री ढोलकीभोवती पहाटेपर्यंत जागतो, हे आपल्याला गंभीर वाटत नाही. फंकाडेलिकने नेमके तेच गंभीर मानले. लेकरे खाणाऱ्या देशात जिवंत राहिलेल्यांनी एकाच मात्रेवर एकदम पाय टेकणे, ही करमणूक खरीच. पण आपण अजून किती जण उरलो आहोत, याची ती मोजदादही आहे.