पाय चालेल, माणूस नको

आज विषय जरा लांबचा आहे, अमेरिकन फुटबॉलचा. थांबा, लगेच पुढे सरकू नका. खेळ कळत नसला तरी चालेल, कारण मला सांगायचंय ते त्या खेळात कामाला लागलेल्या परक्या माणसांबद्दल.

या नादाला मी लागलो तो डेस्कवरच्या नोकरीमुळे. दर फेब्रुवारीत एजन्सीकडून 'सुपर बाउल'ची बातमी यायची. एका वर्षी एका सहकाऱ्याने तिला गोल चेंडूचा झकास फोटो लावला आणि दुसऱ्या दिवशी संपादकांनी सगळ्या डेस्कची हजेरी घेतली. त्यानंतर म्हटलं, बघू तरी हा प्रकार काय आहे. बघता बघता गोडी लागली. आता त्या सोमवारी पहाटे पाचला मोबाइल लावून बसतो, घरचे हसतात.

नाव फुटबॉल, पण पायाचं काम फार थोडं. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, समोरच्याला आडवं पाडायचं. मात्र तोच चेंडू दोन उंच खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून लाथाडला की तीन गुण. हे काम करणारा तो किकर. सामन्यात मोजक्या वेळा मैदानात येतो, काही सेकंदांचं काम करतो, परत बाकावर. अंगावर माती नाही, रक्त नाही. बाकीचे खेळाडू त्याला खेळाडू मानायला फारसे तयार नसतात.

पूर्वी तिथले किकर सरळ धावत येऊन चवड्याने मारायचे. मग पीट गोगोलाक आला. हंगेरीतल्या 1956 च्या उठावानंतर पळून आलेल्या कुटुंबातला पोरगा. गोल चेंडूवर वाढलेला, त्यामुळे तिरका धावत यायचा आणि पायाच्या आतल्या बाजूने मारायचा. 1964 साली बफेलो बिल्सने त्याला घेतलं. 1966 मध्ये त्याला दुसऱ्या लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सने फोडलं. एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत असा दोन लीगमधला अलिखित समझोता होता, तो मोडला. पळवापळवी सुरू झाली आणि काही आठवड्यांतच दोन्ही लीगचं विलीनीकरण जाहीर झालं. निर्वासिताच्या एका पायाने केवढी उलथापालथ केली बघा.

त्याच वर्षी डेट्रॉइटकडून गारो येप्रेमियन उतरला. सायप्रसमध्ये जन्मलेला आर्मेनियन, डोक्यावर विरळ केस, अंगकाठी कारकुनाची. मिनेसोटाविरुद्ध त्याने एका सामन्यात सहा फील्ड गोल मारले, तेव्हाचा विक्रम. मिनेसोटा एका गुणाने हरलं. त्यांचे प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन चिडून म्हणाले, या देशाचे इमिग्रेशनचे कायदेच बदलायला हवेत. हे वाक्य तिथे आजही विनोद म्हणून सांगतात. मला ते विनोदी वाटत नाही. परक्याने दोन किक मारल्या तर गंमत, सहा मारल्या की कायदा आठवतो.

गरज होती तेव्हा मात्र हेच लोक विमानाने शोधायला जात. 1971 मध्ये डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री आणि मंडळी किकर शोधत युरोपात फिरली आणि व्हिएन्नातून टोनी फ्रिट्शला घेऊन आली. हा काही गल्लीतला पोरगा नव्हता. रॅपिड व्हिएन्नाचा खेळाडू, 1965 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला दोन गोल मारून ऑस्ट्रियाला 3-2 जिंकून देणारा. ऑस्ट्रियात 'वेम्बली-टोनी' म्हणून नाव झालेलं. तो अमेरिकेत गेला आणि काही सेकंदांच्या कामाचा माणूस झाला.

पण या काही सेकंदवाल्यांनीच खेळ बदलला. फील्ड गोल इतके वाढले की 1974 मध्ये खांब उचलून मैदानाच्या अगदी मागच्या रेषेवर न्यावे लागले. सरळ धावत मारणारा शेवटचा नावाजलेला किकर, मार्क मोसली, 1986 मध्ये थांबला. आता ती पद्धत एनएफएलमध्ये संपल्यात जमा आहे.

आता उलटी बाजू. 1991 मध्ये एनएफएलने लीगच युरोपात नेली. पहिल्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर 61 हजार लोक आले, पण गर्दी टिकेना. मग ओळखीचे चेहरे हवेत म्हणून फुटबॉलपटू आणले, आणि पुन्हा किकर म्हणूनच. इंग्लंडचा स्ट्रायकर क्लाइव्ह ॲलन लंडनकडून, बार्सिलोनाचा गोलकीपर (आणि योहान क्रायफचा जावई) हेसूस आंगोय बार्सिलोना ड्रॅगन्सकडून. यातला माझा लाडका मानफ्रेड बुर्ग्सम्युलर. बुंडेसलिगात 213 गोल मारलेला माणूस, 1996 मध्ये वयाच्या 46 व्या वर्षी हेल्मेट घालून ड्युसेलडॉर्फच्या ऱ्हाइन फायरकडून उतरला. 2002 पर्यंत खेळला, तेव्हा 52 वर्षांचा होता. दोनदा विजेतेपद. आमच्याकडे बावन्नाव्या वर्षी माणूस गुडघ्याला पट्टा बांधून बाजारात जातो.

तरी 2007 मध्ये लीग बंद पडली. तोटा हे कारण होतंच. पण मला वाटतं, दुखणं वेगळं होतं. बहुतेक खेळाडू अमेरिकेहून सरावाला पाठवलेले, मोसम संपला की परत. ज्याला आपलं म्हणावं तो बाकावर बसलेला.

मजा अशी की शेवटी उरलेल्या सहा संघांपैकी पाच जर्मनीत होते. कारण तिथे लीगच्या आधीपासून क्लब होते. अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांमुळे खेळ पोचला आणि 1979 पासून जर्मनांचीच राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. गर्दी थोडी, पैसा कमी, पण क्लब गावातले. ड्युसेलडॉर्फजवळच्या कार्स्टमधला सेबास्टियन फोल्मर पोहणारा पोरगा, चौदाव्या वर्षी ड्युसेलडॉर्फ पँथर क्लबात गेला. 2009 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला निवडलं, टॅकल म्हणून. म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढची भिंत. चढाईतल्या प्रत्येक चालीला मैदानात, प्रत्येक चालीला धडक. दोन सुपर बाउल जिंकून आला. मला हा फरक मोठा वाटतो. फ्रिट्शचा फक्त पाय घेतला होता, फोल्मरला अख्खा घेतला.

(आपल्याकडेही 2012 च्या सुमारास अशी लीग निघाली होती, त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता आणि पहिला मोसम श्रीलंकेत झाला. कुणाला आठवतोय? खाली ना क्लब, ना शाळा.)

2022 मध्ये म्युनिकला एनएफएलचा पहिला जर्मन सामना झाला, जवळपास 70 हजार लोक. संघ अमेरिकन, मालक अमेरिकन, आणि सगळं स्टेडियम जॉन डेन्व्हरचं गाणं गात होतं. हाच जर्मन प्रेक्षक आपल्या फुटबॉलमध्ये क्लबची सत्ता सभासदांकडेच राहावी या नियमासाठी भांडतो! पण त्याच म्युनिकच्या बायर्नने 2013 ते 2023 सलग अकरा वेळा बुंडेसलिगा जिंकली, हेही विसरू नका. एनएफएलमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळते आणि पगाराच्या खर्चाला सगळ्यांना सारखी मर्यादा. भांडवलवाल्यांच्या खेळात ही वाटणी आणि सभासदांच्या खेळात मक्तेदारी. जर्मन माणसाला अनिश्चित निकाल बघायला मिळत असेल, तर तो येणारच.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते आपल्या तालुक्यातले फ्लेक्स बघून. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मन भाषेचे क्लास वाढलेत. मध्यंतरी एका क्लासमध्ये बोलायला गेलो होतो. पोरं हुशार आहेत. पगार किती, थंडी किती, व्हिसाला किती दिवस, सगळं पाठ. एका आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनने मात्र वेगळंच विचारलं, "सर, तिथं आपला डिप्लोमा धरतात का, का हेल्परच ठेवतात?"

वर्गात एकदम शांतता झाली. क्लासवाल्या सरांनी सांगितलं की प्रमाणपत्राला मान्यता मिळवण्याची प्रक्रिया असते, वेळ लागतो, धीर धरावा. पोरगा म्हणाला, "धीर धरतो की. पण किती वर्षं ते कोण लिहून देणार?"

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतण्या तिकडे गेला असेल तर खाली लिहा. कुठल्या कामावर गेला, आणि आज कुठल्या कामावर आहे. पगार नाही सांगितला तरी चालेल. त्या पोराला दाखवायचंय.