मुक्कामाचे उपनगर

मुंबईत चार दिवस राहायचे म्हटले की फोर्ट-कुलाबा सुचते. परंतु गर्दीची धास्ती घेतलेली वृद्ध आई आणि सात वर्षांची मुलगी सोबत असल्याने मी विलेपार्ले पूर्व निवडले. गेटवे तिथून तासाभरावर. मात्र बाजार, पार्लेश्वराचे देऊळ, १९२३ साली स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ, सारे पायी अंतरावर. पु. ल. देशपांडे इथेच वाढले. बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद पडला. त्याचा गोड वास आता जुन्या पार्लेकरांच्या बोलण्यातच उरला आहे. तो मुलीने आईकडून ऐकला, आईने देवळातल्या एका समवयस्क बाईंकडून. महानगराशी अशी ओळख कोणी तरी करून द्यावी लागते, आणि त्यासाठी मुक्काम माणसांच्या वस्तीतच हवा. तिसऱ्या संध्याकाळी आई एकटीच भाजी आणायला गेली.