भंबायीतले शनिवार

डर्बन, २ सप्टेंबर २०२३
टॅक्सीत सोबतच्या मुलीने वस्तीचं नाव सांगितलं : भंबायी. मी दोनदा विचारून घेतलं. आपल्या बॉम्बेचंच झुलू तोंडी रुळलेलं रूप. गांधीजींनी १९०४ साली इथे शंभर एकरांवर फिनिक्स आश्रम वसवला, त्यांचं ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक इथून निघायचं. १९८५ च्या दंगलीत आश्रम जळाला आणि त्या जमिनीवर बेघरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आज मधोमध नव्याने बांधलेलं गांधीजींचं घर आहे, भोवताली सगळी भंबायी. भांडुपच्या टेकडीवर वाढलेल्या मला तो उतार, ते पत्रे, नळावरचे डबे परके वाटलेच नाहीत.

आमचा शनिवारचा गणिताचा वर्ग एका गोगोच्या शेडमध्ये भरतो. गोगो म्हणजे आजी; इथे प्रत्येक म्हातारीला हेच म्हणतात. मुलं बत्तीस, चौथी ते सहावीची. शिकवणारे आम्ही विद्यापीठाचे पाच विद्यार्थी.

९ सप्टेंबर
फळ्यावर मी इंग्रजीत उदाहरण लिहिलं : पंधरा गोळ्या होत्या, काही वाटल्या, नऊ ‘लेफ्ट’, तर किती वाटल्या? चौथीतल्या एका मुलीने बराच वेळ फळ्याकडे पाहिलं आणि आपला डावा हात वर केला. ‘लेफ्ट’ म्हणजे तिला डावा एवढंच ठाऊक. बाकीची मुलं हसली नाहीत, कारण त्यांनाही तेच वाटलं होतं. सोबतच्या मुलीने हळूच सांगितलं, ‘कुसेले’ म्हण, म्हणजे उरल्या. तो शब्द उच्चारताच उत्तर आलं : सहा. वजाबाकी तिला येत होती. आडवी आली ती भाषा.

इथे बहुतेक शाळांत तिसरीपर्यंत झुलूतून शिकवतात, चौथीला एकदम इंग्रजी. २०२१ च्या ‘पिर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत या देशातल्या चौथीच्या शंभरांतल्या ८१ मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागला नाही, मग भाषा कुठलीही असो. म्हणजे घरच्या भाषेतलं वाचन कच्चं असतानाच पायाखालची पायरी काढून घेतात. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि गणिताचे जादा तास घेऊन तो भरून निघणार नाही.

१६ सप्टेंबर
लोडशेडिंग. शेडमध्ये अंधार, म्हणून अंगणात बसलो. गोगोने विचारलं, “तू फिनिक्सचा का रे?” पलीकडच्या भारतीय वस्तीचं नावही फिनिक्सच. जुलै २०२१ च्या दंगलीत तिथे तीसहून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक कृष्णवर्णीय. मी म्हटलं, “नाही गोगो, मी खऱ्या भंबायीचा.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने फुटू आणि आमासी पुढे ठेवलं : मक्याचा मोकळा सांजा, वर घट्ट आंबट दही. मी वाटी पुसून खाल्ली.

२३ सप्टेंबर
आज मुलांनी मला आकडे शिकवले. झुलूत बोटांवर मोजतात. सहा म्हणजे अंगठा, सात म्हणजे रोखायचं बोट. आठाच्या नावातच ‘दोन बोटं सोडून’ आहे, नवाच्या नावात ‘एक सोडून’. मी उडालोच. आपलं एकोणीस, एकोणतीस तरी दुसरं काय? एकाने उणे! मी ‘एकोणीस’ फोडून दाखवलं, आणि त्या डाव्या हाताच्या मुलीने ते बरोबर उच्चारून दाखवलं. ‘ण’सुद्धा.

परत येताना ओहलांगेच्या शाळेवरून आलो. झुलू नेते जॉन डुबे यांनी काढलेली ही शाळा. मंडेलांनी १९९४ साली आयुष्यातलं पहिलं मत इथे टाकलं. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखलेही इथे येऊन गेले. अंकगणिताचं पुस्तक लिहिणारा आपला माणूस.

३० सप्टेंबर
काल शाळांना सुट्टी लागली. तरी एकोणीस मुलं आली. आम्ही मात्र तिघंच. जुलैत मंडेला दिनाच्या समाजसेवेला येऊन फोटो काढून गेलेल्यांपैकी एकही जण परत आला नाही, असं गोगोने सांगितलं. रागाने नव्हे, हिशोब सांगावा तसं. त्यापेक्षा कुणी आलंच नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं. मुलं वाट पाहतात.

डर्बनला शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना सांगणं एवढंच : आलात तर वर्षभर या, आणि पहिल्या शनिवारी शिकवू नका, आकडे शिकून घ्या. पुढचा वर्ग १४ ऑक्टोबरला, सकाळी नऊ वाजता.