आजीला सांगायचं नाही!

मधुमेह झाल्याचे कळले त्या दिवसापर्यंत आमच्या जालन्यात आईस्क्रीमची दुकाने किती आहेत, याचा मला पत्ता नव्हता. पुढच्या आठ दिवसांत ती सारी पाठ झाली. घरापासून मोती तलावापर्यंतच्या वाटेवरच पाच निघाली! डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले होते. चालायचे कोणत्या रस्त्याने, हे सांगायला मात्र ते विसरले.

माझ्या रक्तातल्या त्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आला होता ८.४. ही तपासणी मोठी खट्याळ आहे. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत खाल्लेल्या गोडाची खूण अंगावर बाळगतात. चित्रगुप्ताची वही निदान मेल्यावर उघडते. ही जिवंतपणीच उघडते, आणि वर तिचे पैसेही आपणच द्यायचे!

“पण डॉक्टर, मी कुठे लठ्ठ आहे?” मी विचारले. माझी उंची पाच फूट सात इंच आणि वजन ७१ किलो. डॉक्टरांनी उत्तर न देता टेप काढली आणि माझ्या पोटाभोवती गुंडाळली. ९६ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषांची मर्यादा ९०. मग त्यांनी एका फोटोची गोष्ट सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचाही आकडा अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तेव्हा साहेबाच्या अंगात निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ आणि आतून लठ्ठ, असा त्याचा अर्थ. काटा आपल्याशी गोड बोलतो, टेप खरे बोलते.

आता आईस्क्रीमच का, असे कोणी विचारील. पेढा, जिलबी यांचा मोह मी सहज टाळू शकतो. पण माझ्या लहानपणी, जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते तेव्हा, मे महिन्यात एकदा आमच्या अंगणात आईस्क्रीमचा पॉट यायचा. लाकडी बादली, तिच्यात दुधाचे डबडे आणि भोवती बर्फ नि खडेमीठ. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आतल्या दुधाची ऊब ओढून घेतो, हे शास्त्र मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते, की दांडा फिरेनासा झाला म्हणजे आईस्क्रीम झाले. हात भरून येईपर्यंत दांडा फिरवायचा आणि दहा-बारा पोरांत वाटणी होऊन पदरात पडायची एक छोटी वाटी. वर्षातून एक वाटी! त्या आईस्क्रीमने कोणाची साखर वाढली असेल, असे मला वाटत नाही.

ती वाटी मी नातीला दाखवायला निघालो, अशी मी स्वतःची समजूत घातली. सात वर्षांची नात माझ्याबरोबर फिरायला येई. एके दिवशी आम्ही दुकानात शिरलो. तिने एक घेतले, मी दोन. बाहेर पडताना मी तिच्या कानात म्हणालो, “आजीला सांगायचं नाही हं!” तिने डोळे मिचकावले. आजोबा-नातीचे गुपित म्हणजे काय गंमत असते! ती गंमत मग दर दोन दिवसांनी होऊ लागली.

घरी आल्यावर मी गुपचूप बोट टोचून साखर मोजायचो. तासाभरानंतरचा आकडा फारसा वाईट नसे. मला वाटे, जिंकलो! वस्तुतः आईस्क्रीममधली चरबी पोटात अन्नाला रेंगाळत ठेवते. साखर सावकाश चढते आणि बराच वेळ उतरत नाही. चोर उशिरा येणार होता, आणि मी संध्याकाळीच दाराला कान लावून घरात चोर नाही म्हणून खूश होत होतो.

येथे माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. त्यांनाही हाच आजार होता. कोटाच्या खिशात ते पेढे ठेवत. तळपायाला लागलेला खडा त्यांना जाणवलाच नाही, कारण साखरेने पायाच्या शिरा बधिर झाल्या होत्या. १९८८ साली त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ही तेव्हा नवी सून होती. ड्रेसिंग तिनेच केले. म्हणून आज ती रोज रात्री चष्मा लावून, दिव्याखाली माझी पावले तपासते. अहो, पोथी वाचावी तशी वाचते! आणि पावले तिच्या हाती देऊन मी खुशाल आमरसाच्या आईस्क्रीमची चव आठवत पडलेला असे.

मग ते झाले. नात दोन दिवस घरात मोजे घालून वावरत होती. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, आणि पायात मोजे! तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मोजे काढले तर तळवा लाल, टम्म सुजलेला. खेळताना गंजका खिळा लागला होता. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, औषधे दिली. “थोडक्यात निभावलं,” ते म्हणाले.

“अगं, सांगितलं का नाहीस?” आजीने विचारले.

नातीने माझ्याकडे पाहिले. “आजी रागावेल असं असलं की सांगायचं नसतं ना, आजोबा?”

त्या रात्री पावलांची तपासणी सुरू झाली तेव्हा मी पाय मागे घेतले आणि सारे सांगून टाकले. ही रागावेल असे वाटले होते. ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुमच्या रुमालाचे डाग कोण धुतं? तुम्ही मला फसवलंत, त्याचं एवढं काही नाही हो. पण पोरीला कशाला शिकवलंत?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. आईस्क्रीम अजिबात बंद, असे ऐकण्याच्या तयारीने मी बसलो होतो. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. शंभर ग्रॅम साध्या आईस्क्रीममध्ये सुमारे २०० उष्मांक आणि जवळजवळ पाच चमचे साखर. पण त्यात हवा पुष्कळ फेटलेली असते. शंभर मिलीलिटरच्या छोट्या कपात साधारण ५५ ग्रॅमच भरते. म्हणजे निम्मा हिशेब. आठवड्यातून एकदा असा एक कप चालेल. मात्र रिकाम्या पोटी नाही, जेवणानंतर आणि त्या जेवणात भाकरी अर्धी कमी करून. साखर दोन तासांनी मोजायची. आणि हे प्रमाण माझे. ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे. ‘बिनसाखरेचे’ म्हणून मिळते त्यावर मी आशा ठेवून होतो. “डब्यामागचं वाचा,” ते म्हणाले. “त्यातला माल्टिटॉलही साखर थोडी वाढवतोच, आणि जास्त खाल्लात तर पोट बिघडवतो.” चालून सारे जिरते हा माझा भ्रमही त्यांनी घालवला. पाऊण तासाच्या चालण्यात असल्या दोन कपांएवढे उष्मांकसुद्धा खर्च होत नाहीत!

सहा महिन्यांनी आकडा ७.१ वर आला. पोट चार सेंटिमीटर उतरले. डॉक्टरांनी शाबासकी दिली. ती मी घरी आणून जिची तिला दिली.

आता रविवारी रात्री जेवून आम्ही तिघे त्या दुकानात जातो. छोटा कप मी इतक्या सावकाश खातो, की शेवटचे दोन चमचे पातळ होतात. थंडीने जिभेला गोडी कमी कळते. वितळल्यावर तेच आईस्क्रीम केवढे गोड लागते, हे मला साठीनंतर कळले. परवा दुकानदाराने जुन्या सवयीने माझ्यापुढे दोन कप ठेवले. नात पुढे झाली आणि एक परत सरकवून साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आजोबांना एकच. आणि आजीला माहीत आहे!”