कोर्लईचं चर्च आणि ‘आपली भाषा’

खानदेशातला माणूस समुद्र बघायला निघाला की घरचे हमखास विचारतात, “तथे काय शे?” आमच्याकडे तापी आणि गिरणा. बंदर, गलबत, भरती-ओहोटी ही सगळी शाळेच्या पुस्तकातली मंडळी. जळगावहून रात्रीची गाडी, सकाळी गेटवेवरून मांडव्याची लाँच, तिथून अलिबाग आणि अलिबागहून रेवदंड्याची एसटी, इतकं करून मी चौलला उतरलो तेव्हा दुपारचं जेवण व्हायचं होतं.

चौल आज सुपारीच्या बागांचं, सावलीचं, झोपाळू गाव आहे. कधीकाळी इथल्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या एकत्र आरमाराने पोर्तुगीजांना गाठलं होतं, हे कुणी सांगितलं तर खोटं वाटावं. ती लढाई 1508 ची. गोव्याच्याही आधीची. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात उतरला तो इथेच, आणि इथूनच जुन्नरकडे गेला. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, “तो रशियावाला ना? सरळ जा.”

1521 साली बुऱ्हाण निजामशहाची परवानगी काढून पोर्तुगीजांनी कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याला, कोट बांधायला घेतला. पुढे त्या कोटात शहरच वसलं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट, ज्याचा त्याचा मठ आणि ज्याचं त्याचं चर्च. 1570-71 मध्ये निजामशाहीने महिनोन्महिने वेढा घातला, तरी हे शहर हाती लागलं नाही. आज त्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. डोमिनिकनांच्या चर्चची भिंत शोधत मी एका वाडीत शिरलो. तिथे वेदीच्या जागी पाण्याचा पंप आणि कमानीतून ओढलेला काळा पाइप. मालकाने नारळ सोलता सोलता विचारलं, “मनोरा बघितला का? सातखणी?” बघितला होता. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा तो मनोरा अजून उभा आहे, पण सात खण मात्र राहिलेले नाहीत.

रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून गेला तो 1740 मध्ये. आदल्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती, मग तहात चौलही आलं. व्यापार तोवर मुंबईकडे सरकलाच होता. तलवारीने शहर पडलं असं म्हणायला इतिहासकारांना बरं वाटतं. मला तरी वाटतं, ते आधीच गिऱ्हाइकांनी सोडलेलं होतं.

खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेलं की कोर्लई. समुद्रात घुसलेला लांबट डोंगर, त्यावर किल्ला. 1594 मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो हिसकावला. वरती बिनछपराच्या चर्चमध्ये गवत माजलंय. डोंगराच्या पायथ्याला मात्र एक छोटं चर्च आहे, माउंट कार्मेलच्या मातेचं, आणि ते चालू आहे. जिकडे मठांवर मठ होते तिकडे पंप, आणि जिकडे शिपायांची वस्ती तिकडे घंटा!

आमच्या भुसावळात चर्च आलं ते रेल्वेबरोबर. तिथल्या जुन्या वसाहतीतल्या लोकांना बदलीची सवय. इथल्या चर्चमागचे लोक कधी बदलून गेलेच नाहीत. पोर्तुगीज शिपाई, इथल्या बायका, धर्म बदललेली माणसं यांची ही वंशावळ. राजवट गेली, पण पाद्री येत राहिले, आणि पाद्रीबरोबर पोर्तुगीज प्रार्थना. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वेगळ्या धर्माचा शेजार, सोयरीक आपल्यातल्या आपल्यात. त्यातून एक भाषा टिकली. अभ्यासक तिला ‘क्रिस्ती’ म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे मात्र तिला ‘नो लिंग’ म्हणतात. मराठी कानाला नाव जरा अवघड, पण अर्थ सरळ: आपली भाषा. बोलणारे उणेपुरे हजारभर.

चर्चजवळच्या एका ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हटलं, “आजी, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना.” त्या हसल्या आणि सुपातून नजर न काढता एक लांब वाक्य बोलल्या. पुन्हा म्हणायला लावलं. शब्द एकही ओळखीचा नाही, आणि तरी चाल ओळखीची. पुस्तकातलं मग आठवलं: शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी. उसनवारी दोन्हीकडची आहे म्हणा. आपण चावी, साबण, पगार, घमेलं म्हणतो, ‘नाताळ’सुद्धा म्हणतो, तेव्हा पोर्तुगीजच बोलत असतो. खानदेशात बांधकामावरचा गडी घमेलं उचलतो, त्याला थोडंच माहीत असतं ते कुठून आलं.

“आणि मिस्सा कुठल्या भाषेत?”

“मराठीत.” दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960 च्या दशकात, जगभरच्या कॅथलिक चर्चनी लॅटिन सोडून लोकांच्या भाषा घेतल्या. इथे लोकांची भाषा म्हणून मराठी आली. शाळा मराठी, बाजार मराठी, आता प्रार्थनाही मराठी. देवाशी ज्या भाषेत बोलायचं ती बदलली. मग ‘नो लिंग’ कशासाठी उरली, असं विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, “भांडायला.” तेवढ्यात गल्लीत मासळीच्या भावावरून दोघींची जुंपली, आणि त्यातलं मला अक्षरही कळलं नाही.

आजींनी उलट विचारलं, “तुमची कुठली?” मी म्हटलं, अहिराणी. मग एक वाक्य बोलून दाखवावं लागलं. आजी मान डोलवत ऐकत होत्या. नात दारात मोबाइल घेऊन उभी होती. आजी तिला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. नातीने उत्तर दिलं, “हो, आणते,” आणि पाण्याचा तांब्या आणला.

पुलावर एसटीची वाट बघताना घरून फोन आला. आई विचारत होती, “कथा गयथा रे?”

“अलिबागला आलोय आई,” मी म्हणालो, “उद्या पोचतो.”