वंशावळीची वाट आणि वाटेबाहेरची मुले

१/ १ नोव्हेंबर १६६१. स्पेनचा युवराज फिलिप प्रॉस्पेरो मरण पावला. त्याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पाचच दिवसांनी त्याच्या आईला दुसरा पुत्र झाला. हाच कार्लोस दुसरा, स्पॅनिश हाब्सबर्ग घराण्याचा अखेरचा राजा. या घराण्याची वंशावळ संगणकात भरली, तर दोघा भावांपैकी एक दिसतो आणि दुसरा सहज निसटतो. कसा, हे सांगणारा हा थ्रेड.

२/ ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये वृक्ष साठवलेला नसतो, सुट्या नोंदी साठवलेल्या असतात. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद आणि प्रत्येक कुटुंबाची एक. कुटुंबाच्या नोंदीत वडील, आई आणि मुलांची यादी असते. आपण प्रश्न विचारला की सॉफ्टवेअर या नोंदींमधून फिरते. फिरण्याच्या वाटा मुख्यतः दोन.

३/ पहिली वाट दुव्यादुव्याने वर चढते. आधी कार्लोस, मग त्याचे आईवडील, मग त्यांचे आईवडील. या वाटेचे सोयीचे क्रमांकन कार्लोसच्याच कारकिर्दीत, १६७६ साली, हेरोनिमो दे सोसा या स्पॅनिश धर्मगुरूने वापरले. मूळ व्यक्तीला १, वडिलांना अपत्याच्या क्रमांकाची दुप्पट, आईला त्याहून एक अधिक.

४/ कार्लोस १, वडील फिलिप चौथा २, आई मारियाना ३. मारियानाची आई मारिया आना ७, आणि ती फिलिप चौथ्याची सख्खी बहीण! म्हणजे हा विवाह मामा-भाचीचा. त्यामुळे फिलिप तिसरा ४ आणि १४ अशा दोन जागी भेटतो. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक कार्ल तर तीन जागी: १०, २४ आणि ३०.

५/ २००९ साली स्पेनमधील संशोधकांनी या घराण्याच्या १६ पिढ्यांपर्यंतच्या, ३,००० हून अधिक व्यक्तींच्या वंशावळीवरून कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक काढला. तो आला ०.२५४. सख्ख्या भावाबहिणीला अपत्य झाले, तर त्याचा गुणांक ०.२५ असतो.

६/ दुसरी वाट नाते पाहतच नाही. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत ती सरळ चालत जाते. येथे फिलिप तिसरा एकदाच भेटतो, आणि पहिल्या वाटेने कधीच न भेटलेली माणसेही भेटतात.

७/ पहिल्या वाटेनेही फिलिप चौथा आणि मारियाना यांच्या कुटुंबाची नोंद उघडली होती. तिच्यातून फक्त आईवडील वाचले गेले, मुलांची यादी न वाचताच नोंद मिटली. त्या यादीत पाच नावे आहेत. मारिया अम्ब्रोसिया काही दिवसच जगली. फर्नांदो तोमासने वर्षही पाहिले नाही. मग फिलिप प्रॉस्पेरो.

८/ थोरली मार्गारिता तेरेसा जगाला ठाऊक आहे, कारण वेलास्केसच्या १६५६ सालच्या ‘लास मेनिनास’ चित्राच्या मध्यभागी ती उभी आहे. तिचाही विवाह सख्ख्या मामाशी, सम्राट लिओपोल्डशी झाला. १६७३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती वारली. तीही कार्लोसची पूर्वज नव्हे, बहीण. म्हणून पहिल्या वाटेवर तीही नाही.

९/ मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. आपल्या जुन्या वंशावळी मूळ पुरुषापासून पुत्रापुत्राने खाली उतरतात. लेकी आणि बालपणीच गेलेली मुले त्यांत बहुधा सापडत नाहीत. तेथे निदान नोंदच नव्हती, असे म्हणता येते. येथे नोंद होती, तिच्याकडे जाणारी वाट निवडली गेली नाही.

१०/ कार्लोसचे पूर्वज मोजले की रक्तसंबंधाचा गुणांक मिळतो. त्या विवाहांची किंमत मात्र त्याच्या भावंडांच्या जन्ममृत्यूच्या तारखांत आहे. ती वाचायची, तर राजापासून निघून चालत नाही. पहिली नोंद उघडावी, मग दुसरी, मग तिसरी, आणि एकही वगळू नये. (समाप्त)