उन्हात चमकणारं मराठी हाउस

थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा, हेडफोन असतील तर कानाला लावा आणि आधी 'तांबडी चामडी' ऐका! क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं गाणं, 2024 मध्ये आलेलं. शहरांत ते केव्हाच गाजलं. माझ्या कानावर ते आत्ता पडलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून ऐकवतोय.

मेळघाटातल्या धारणीत बाजाराचा दिवस होता. मोबाईलला काच बसवायला दुकानात उभा होतो. रस्त्यावर कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वेळी चाललेल्या. त्या गलक्यात दुकानातल्या पोराच्या स्पीकरमधून ठोका आला. धप्, धप्, धप्, धप्. बाहेरदेशाचं काही असेल, असं वाटेपर्यंत त्या ठोक्यावर शब्द पडले, आणि ते चक्क मराठी!

"काय वाजवून राहिला रे हे?"

"मराठीच हाय न काका. पुन्हा लावू?"

"लाव न!"

काच बसून झाली तरी मी तिथेच.

क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे. संगीत त्याचं. श्रेयस म्हणजे रॅपर श्रेयस सागवेकर. गाणं आलं ते नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'कडून, आणि या लेबलवरचं ते पहिलंच मराठी गाणं. स्पिनिन कोण? मार्टिन गॅरिक्स नावाच्या सतरा वर्षांच्या पोराचं 'अ‍ॅनिमल्स' 2013 मध्ये यांनीच काढलं आणि जगभरचे डान्स फ्लोअर हलवले. त्याच लेबलवर आता आपली भाषा आहे, आणि तीही कुठलाही परका साज न चढवता!

हा प्रकार हाउस संगीताचा. शिकागोत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचा. हाउस हे नाव त्या क्लबावरून पडलं असं सांगतात. मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, चारही मात्रांवर सारखाच जोर. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी करामत ठोका काढून घेण्यात आहे. अंगाला त्याची सवय लागते, मग तो मधेच नाहीसा होतो, पाय अधांतरी राहतो, आणि परत येतो तेव्हा सगळं शरीर त्याला सामोरं जातं. वऱ्हाडातल्या लग्नात धुमालचा ठोका ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही!

आणि श्रेयसचा आवाज! तो सूर लावत बसत नाही. बोलल्यासारखं म्हणतो, ठसक्यात, आणि एकेक अक्षर ठोक्याच्या अगदी कडेवर ठेवतो. त, च, ड, क ही आपली व्यंजनं त्याच्या तोंडी तालवाद्यं होतात. मराठी शब्दांवर नाचता येतं हे मला लावणीनं आणि कोळीगीतांनी शिकवलं होतं. यंत्राच्या ठोक्यावरही मराठी इतकी चपखल बसते, हे मात्र या गाण्यानं दाखवलं.

त्यात विषय काय, तर उन्हात चमकणारी तांबूस कातडी! आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. शेतात, रस्त्याच्या कामावर, तेंदूपत्ता तोडताना रापलेली कातडी इथे घराघरात आहे, आणि तरी लग्नाच्या बोलण्यात पहिला प्रश्न 'पोरगी गोरी आहे का' हाच असतो. हे गाणं त्या रापलेल्या रंगाला झाकत नाही, त्याची कीव करत नाही. त्याला थेट नाचाच्या मधोमध उभं करतं. म्हणून ते मला एवढं आवडलं.

आणि हे संगीत आपल्याला परकं नाहीच मुळी. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची टीआर-808 आणि टीबी-303 ही संगीताची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 2010 मध्ये त्या रागांची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार थक्क झाले. ज्या यंत्रांवर पुढे शिकागोत हाउस आणि अ‍ॅसिड हाउस घडलं, त्यांच्यावर आपल्या मातीचे सूर इतक्या आधी वाजले होते. 'तांबडी चामडी' ऐकून चरणजित सिंगही जरूर ऐका. चाळीस-बेचाळीस वर्षांचं अंतर एका संध्याकाळीत पार होतं.

आता माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. मेळघाटात होळीला कोरकू ढोल वाजतो, बासरी त्यावर फिरत राहते, बायका हात धरून रांगेत पावलं टाकतात, आणि तेच आवर्तन रात्र रात्र चालतं. एकच ठेका न थकता धरून ठेवण्याची ताकद इथे पिढ्यांपासून आहे. असं गाणं करायला आज लागतो एक लॅपटॉप, एक माईक आणि भरपूर चिकाटी. धारणी, हरिसाल, सेमाडोहच्या पोरापोरींनो, हे गाणं ऐका, ठोका मोजा, त्याचा एकेक थर सुटा करून बघा. मग यंदाच्या होळीला ढोल वाजवणाऱ्या आजोबांना विचारून मोबाईलवर त्यांचा ठेका रेकॉर्ड करा आणि त्यावर तुमचे शब्द म्हणा, मराठीत म्हणा, कोरकूत म्हणा. पहिला ऐकणारा मी आहे!